पुरातली येझदी: फुल इंजिन उघडलं, बांधलं

हरिपूरच्या गुरुजींची १९७५ची येझदी मोटारसायकल इंजिनापुरती तयार झाली. गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. वायरिंग बाकी आहे, पुढचं चाक आऊट (वाकडेपणा) काढायला दिलंय. पण या गाडीचा जीव क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यावर फिरणाऱ्या दांड्यात, अडकला होता आणि तो सुटलाय, म्हणून आज सगळं त्याबद्दलच. सांगली-मिरजेत, कोल्हापुरात पुराचं पाणी प्यालेल्या जावा-येझदी अजून कितीतरी पडव्यांत उभ्या आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या कामी यावं एवढीच इच्छा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा ही गाडी पूर्ण पाण्याखाली गेली. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी. दोन्ही वेळा घरच्यांनी ती धुऊन, पुसून, ताडपत्री घालून ठेवली, त्यामुळे वरून बघणाऱ्याला ती बरीच धड वाटते. टाकीचा मरून रंग आणि तिच्यावरची सोनेरी रेघ अजून जागेवर आहे.

आतली गोष्ट वेगळी. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पिस्टन खाली असला की सायलेन्सरकडची वाट उघडी, वर असला की कार्बोरेटरकडून थेट क्रँककेसमध्ये (क्रँकच्या पेटीत) वाट उघडी. मधल्या थोड्या भागात दारं मिटतात, पण पाण्याचा दाब अडवण्याइतकी नाहीत. म्हणजे बुडालेल्या टू-स्ट्रोकच्या पोटात पाणी गेलंच असं धरून चालायचं. शिवाय फोर-स्ट्रोकसारखं तळाला तेल भरलेलं नसतं. क्रँकच्या बेरिंगला पेट्रोलमधून येईल तेवढंच तेल मिळतं. पाणी आटतं, गाळ उरतो. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक, बेरिंगच्या गोळ्यांमध्येही जाऊन बसतो.

म्हणून माझं ठाम मत: पुरातली गाडी ‘एक किक मारून बघू’ म्हणून बघायची नाही. प्लग काढून, डिझेल ओतून, ढकलून सुरू केलेली गाडी चालेलही, पण तो गाळ पहिल्या पाच-पन्नास किलोमीटरमध्ये बेरिंग आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) दोन्ही खाऊन टाकतो. येझदीत आणखी एक धोका आहे. गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होते. जाम इंजिनावर जोर केला तर किकचे दात तुटतात आणि फुल इंजिन खोलायची वेळ तशीही येते.

प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडून ठेवलं, पिस्टन भिजू दिला. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या कडेला गंजाचं तांबडं कडं दिसत होतं. लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देत तो खाली सरकवला आणि बॅरल (सिलिंडर) सुटलं. केस उघडली तर क्रँकच्या पाळ्यांखाली (जड चकत्यांखाली) गाळाची वडी जमली होती, नखानं खरवडली तर पापुद्रे निघत होते. दोन पुरांचे दोन रंग त्यात वेगळे दिसत होते.

बेरिंग, सील (क्रँकच्या दोन्ही बाजूंना हवा-तेल अडवणारी कडी), कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) किट नवं घातलं. यात चर्चेला जागा नाही, धुतलेलं बेरिंग परत घालू नये. सीलबद्दल मात्र नवीन मंडळींसाठी सांगतो. डावीकडचं सील गेलं की गिअरचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, गाडी ढगासारखा धूर सोडते आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी गरम होऊन पिस्टन धरते (जाम होतो). दोष सीलचा असताना पुष्कळ जण अशा वेळी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतात.

रॉड बदलल्यावर क्रँक सरळ करणं हे या सगळ्या कामातलं मला सर्वांत आवडणारं. कुपवाडला एका जुन्या लेथवाल्या अण्णांकडे ते केलं. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये (टोकांत) धरला, वाकडेपणा मोजणारी डायल लावली. हातानं फिरवला की काटा डावीकडून उजवीकडे झोके घ्यायचा. अण्णा खडूनं उंच जागेवर खूण करायचे, तांब्याच्या हातोड्यानं त्या पाळीवर एकच ठोका द्यायचे, पुन्हा फिरवायचे. मी घाई करायला लागलो तर म्हणाले, “काटा बघा की, माझ्याकडं काय बघताय!” शेवटी काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत आला. हे नीट झालं नाही तर नवी बेरिंगंही टिकत नाहीत, दांडा पायाखाली थरथरत राहतो.

बोअर मूळचा ६५ मिलिमीटरचा. ओव्हरसाइज (मूळपेक्षा किंचित मोठा) पिस्टन आधी हातात घेतला, मापला, मगच बॅरल बोअरिंगला दिलं. डब्यावरच्या मापावर विसंबू नये. बोअर करून आलेल्या बॅरलमध्ये पोर्टच्या (वर सांगितलेल्या दारांच्या) कडा सुरीसारख्या धारदार असतात, त्या बारीक कानसीनं मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. बोअरवाल्याला सांगितलं तरी घरी आणून बोट फिरवून बघाच.

टाकी आतून गंजली होती. अॅसिड वापरलं असतं तर ओघळ रंगावर आला असता. म्हणून आधी पेट्रोलचा वास पुरता जाईपर्यंत धुतली, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून बॅटरी चार्जर लावला. निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लोंबणाऱ्या लोखंडी गजाला, गज टाकीला कुठंही न टेकवता. गज स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्या अंगणातच, विडी-काडी लांब ठेवून.

रंग मी करणार नाही. पन्नास वर्षांचा मूळ रंग पुन्हा मिळत नाही आणि म्हैसूरचा कारखाना १९९६मध्येच बंद पडलाय. २०२१च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांतही पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी हीच अट आहे. चेसिस आणि इंजिनवरचे नंबर पुट्टीखाली गाडू नका, एवढं तरी सगळ्यांनी पाळावं.

आता डायनॅमो. त्याची फील्ड कॉइल (तारेचं वेटोळं) उन्हात वाळवून तपासली, बॉडीला शॉर्ट होत नाही. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप ०.४ मिलिमीटर ठेवतोय. बारा व्होल्ट करायचा सल्ला बरेच जण देतात, पण मी सहाच ठेवणार. या गाड्यांची हेडलाइट मंद असते ती बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थिंगमुळे, म्हणून हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढतोय. ती झाली की पहिली किक गुरुजींनीच मारायची, असं ठरलंय.