आमची वाटचाल : देवचाराची काठी आणि वितरकाचा शोध

पुण्यात कोथरूडच्या दोन खोल्यांत २००९ साली सुरू झालेला आमचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ पहिली तेरा वर्षे इतरांच्या चित्रपटांसाठी राबला. डबिंग, फॉली (पावले, दारे, वस्तू यांचे आवाज स्टुडिओत नव्याने करणे), पार्श्वध्वनीची जुळणी आणि शेवटचे मिश्रण यांवर आमचे घर चालत असे. या काळात किमान पाच-सहा निर्माते असे पाहिले, की ज्यांचा चित्रपट आमच्याकडून उत्तम स्थितीत बाहेर पडला आणि पुढे वितरणाच्या करारात असा अडकला, की तो त्यांच्या स्वतःच्या गावातही धड लागला नाही. २०२२ साली आम्ही तिघा भागीदारांनी स्वतःचा भयपट करायला घेतला तेव्हा तो कुणाच्या हाती सोपवायचा, याचा विचार पटकथेबरोबरच व्हायला हवा होता. तो आम्ही चित्रीकरण निम्मे झाल्यावर आणि जवळचे पैसे संपल्यावर केला, त्यामुळे पहिली बोलणी आम्हाला गरजवंत म्हणून करावी लागली.

चित्रपट सिंधुदुर्गातल्या देवचारावर आहे. देवचार म्हणजे गावाच्या हद्दीचा राखणदार. रात्री घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन तो फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोबत करतो आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याला मात्र सोडत नाही, अशी तिथली श्रद्धा आहे. आमच्या चित्रपटात तो एकदाही दिसत नाही, फक्त त्याची काठी ऐकू येते. जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, काठी टेकल्याचा तो आवाज मिळवायला आमच्या फॉली कलाकाराने दोन पावसाळे घालवले. कोरड्या चिऱ्यावर आवाज टणक लागतो. शेवाळलेल्या चिऱ्यावर तो बसका येतो आणि काठी उचलली जाताना एक अगदी बारीक, चिकट असा दुसरा आवाज निघतो. आमच्या चित्रपटातली सगळी भीती त्या दुसऱ्या आवाजात आहे, आणि तो प्रेक्षकाच्या पाठीमागून आला तरच तिला अर्थ आहे.

पहिला प्रस्ताव मुंबईच्या एका निर्मितीसंस्थेकडून आला. उरलेला सगळा खर्च करायची त्यांची तयारी होती आणि रक्कम ऐकून आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. मात्र देवचार पडद्यावर दिसला पाहिजे, त्याचे डोळे लाल हवेत आणि शेवटी मांत्रिकाने त्याला बांधून टाकले पाहिजे, अशी त्यांची अट होती. गावचा राखणदार बांधून टाकायचा, ही कल्पना ज्या गावाने आम्हाला महिनाभर घरे उघडून दिली त्या गावासमोर मांडणे आम्हाला शक्य नव्हते. शिवाय त्यांच्या मसुद्यात सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क कायमस्वरूपी त्यांच्याकडे जात होते. आमच्या वकिलांनी कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ कडे तेव्हा लक्ष वेधले. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर ते पाच वर्षांसाठी दिले असे मानले जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि घेणाऱ्याने एका वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळे काही नमूद नसल्यास, ते संपुष्टात येतात. कायद्याने दिलेले हे तिन्ही आधार ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ अशा शब्दांनी त्या मसुद्यात एकेक करून काढून घेतलेले होते. आम्ही तो प्रस्ताव परत पाठवला, स्टुडिओचे एक मिक्सिंग कन्सोल गहाण ठेवले आणि उरलेले चित्रीकरण नऊ दिवसांत उरकले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पणजीला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासोबत भरणाऱ्या फिल्म बाजारात, म्हणजे चित्रपटांच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्यात, कच्चे संकलन घेऊन गेलो. तिथे बहुतेक भेटी पंधरा मिनिटांत आटोपल्या, कारण पहिला प्रश्न नटांविषयीचा असे आणि आमच्याकडे ओळखीचा चेहरा नव्हता. तरीही एक गोष्ट तिथेच पक्की कळली : भयपटाला चेहऱ्याची गरज इतर चित्रपटांपेक्षा कमी असते आणि तो भाषा ओलांडून सहज जातो, म्हणून त्याचे डबिंग आणि रिमेकचे हक्क वेगळे मोलाचे असतात. ज्या कंपन्या हे हक्क मूळ करारात सहज जाता जाता गुंडाळून मागत होत्या, त्यांना त्यांचे मोल आमच्यापेक्षा आधी कळलेले होते.

दुसरा गंभीर प्रस्ताव मिनिमम गॅरंटीचा होता. ठरावीक रक्कम आधी हातात, पुढचा नफा-तोटा वितरकाचा, हे कर्जात असलेल्या माणसाला फार ओढून घेणारे असते. आम्ही मात्र एका तिकिटाचा हिशोब कागदावर मांडून पाहिला. दीडशे रुपयांच्या तिकिटातून अठरा टक्के जीएसटी वजा जाता सुमारे १२७ रुपये उरतात. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्याचा निम्मा वाटा धरला तर साधारण ६३ रुपये ५० पैसे वितरकाकडे येतात. त्यातून १५ टक्के कमिशन गेले की ५४ रुपये राहतात, आणि प्रसिद्धीचा व डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च पूर्ण वसूल होईपर्यंत त्यातला एक रुपयाही निर्मात्याला दिसत नाही. २००९ साली निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी पहिल्या आठवड्याला ५०, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० टक्के अशी जी पायरी ठरली, तिच्याच धर्तीवर आमच्याशीही बोलणी झाली. तोंडी प्रसिद्धीवर चालणाऱ्या चित्रपटाला ही पायरी जाचक ठरते, कारण आमचा प्रेक्षक वाढण्याची शक्यता दुसऱ्या आठवड्यात आणि नेमका तेव्हाच आमचा वाटा उतरलेला असतो. म्हणून गॅरंटीच्या रकमेपेक्षा आम्ही त्या कंपनीला विचारले, की दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे खेळ टिकवण्यासाठी तुम्ही काय करता. २०१५ च्या शासननिर्णयामुळे मल्टिप्लेक्सला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ ठेवावा लागतो, त्यामुळे खेळ मिळतील, असे उत्तर आले. भयपटाला दुपारी साडेबाराचा खेळ मिळाला काय आणि न मिळाला काय, सारखेच. त्यांनी आधी हाताळलेल्या चार चित्रपटांच्या निर्मात्यांना आम्ही फोन केले. चौघांपैकी तिघांना पहिल्या तिमाहीनंतर हिशोबाचा कागदच आला नव्हता.

तिसरी कंपनी या सगळ्यांत लहान होती. आगाऊ रक्कम आमच्या कर्जाच्या निम्मीही नव्हती. तिच्या संचालिका बाईंनी करारावर बोलण्याआधी कोल्हापुरातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात चित्रपट लावून पाहायचा आग्रह धरला, कारण त्यांच्या मते चकाचक प्रिव्ह्यू थिएटरमध्ये बघून भयपटाविषयी काहीच कळत नाही. त्या शेवटच्या रांगेत बसल्या. दहा मिनिटांनी उठून प्रोजेक्शन खोलीत गेल्या आणि ऑपरेटरला म्हणाल्या, “दादा, फेडर कितीवर आहे?”

“साडेचारवर, मॅडम. वाढवला की लोक तक्रार करतात.”

फेडर म्हणजे चित्रपटगृहातला आवाज कमी-जास्त करणारी कळ; आम्ही मिश्रण तिच्या ७ या प्रमाण पातळीला केलेले. साडेचारवर देवचाराची काठी टेकत होती, पण उचलली जात नव्हती. तो चिकट आवाज पार बुडाला होता. मागचा उजवा स्पीकरही बंद होता. पडद्याचा उजेड प्रमाणाच्या, म्हणजे चौदा फूट-लँबर्टच्या, जवळपासही नव्हता आणि पाखाडीचा संपूर्ण प्रसंग काळ्या चौकोनासारखा दिसत होता. आयुष्यभर ध्वनीचे काम करूनही आपला चित्रपट कुठल्या परिस्थितीत ऐकला जाणार आहे हे मी तोवर जाऊन पाहिले नव्हते, याची मला मनापासून लाज वाटली. परतल्यावर आम्ही मिश्रण पुन्हा केले, खालच्या पातळीवरही तो दुसरा आवाज तग धरेल असे, आणि रात्रीचे दोन प्रसंग थोडे उजळ केले.

करार याच कंपनीशी झाला. हक्क सात वर्षांसाठी दिले. चित्रपटगृहे, ओटीटी आणि उपग्रह वाहिन्या त्यांच्याकडे, तर रिमेक आणि इतर भाषांतले डबिंग आमच्याकडे राहिले. मुदतीचा आग्रह आम्ही शेवटपर्यंत धरला. करारावर सह्या व्हायच्या त्याच सुमारास, १३ सप्टेंबर २०२४ ला, ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि २०१८ च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा त्याने दुसऱ्या वेळी जास्त गल्ला केला. भयपटाचे आयुष्य पहिल्या शुक्रवारी ठरत नाही, हे त्यानंतर समोरच्या पक्षाला वेगळे पटवावे लागले नाही. प्रसिद्धीखर्चाला कमाल मर्यादा घातली आणि तिच्यावर खर्च करायचा तर आमची लेखी संमती आवश्यक ठरवली. कुठल्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या प्रदेशात, ते स्वतः वितरण करतात आणि कुठे उपवितरकाला देतात हेही लिहून घेतले, कारण कोल्हापूर मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये मोडतो आणि प्रत्येक जादा हाताबरोबर एक कमिशन वाढते. पहिल्या आठवड्यात निवडक चित्रपटगृहांत उजेड आणि आवाज तपासायला माणूस जाईल, असे परिशिष्ट त्यांनी आपणहून जोडले.

सेन्सॉरकडून यूए १६+, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांसाठी पालकांचे मार्गदर्शन सुचवणारे, प्रमाणपत्र मिळाले. फक्त प्रौढांसाठीचे ‘ए’ मिळाले असते तर चित्रपट त्याच रूपात दूरचित्रवाणीवर दाखवता आला नसता आणि उपग्रह हक्कांची बोलणी तिथेच थांबली असती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपट लागला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कोकणातल्या एका चित्रपटगृहाने सर्व्हर बदलल्याचे कळले. चित्रपट उघडणारी केडीएम ही डिजिटल किल्ली त्या-त्या सर्व्हरपुरतीच असते, त्यामुळे जुनी किल्ली चालेना. वितरकाच्या कचेरीतल्या एका मुलाने रात्री साडेअकराला नवी किल्ली मिळवून दिली आणि सकाळचा खेळ वाचला. पुण्यात आणि कोल्हापुरात चित्रपट तीन आठवडे चालला, कुडाळात चार. आगाऊ रकमेपलीकडचा पहिला वाटा सहाव्या महिन्यात आला आणि कन्सोल सोडवून आणले. हिशोबाचा कागद दर तिमाहीला येतो; एकदा बारा दिवस उशीर झाला तेव्हा आधी फोन आला होता.

सध्या मंगळुरूच्या एका निर्मात्याशी कन्नड डबिंगविषयी बोलणे चालू आहे. तुळुनाडूत दैवांची आराधना जिवंत असल्याने देवचार म्हणजे कोण, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी संवादांशिवायचा संगीत आणि ध्वनिपरिणामांचा ट्रॅक ऐकायला मागितला होता; तो गेल्या सोमवारी पाठवला, आणि सोबतच्या पत्रात फेडर ७ वर ठेवूनच ऐकावे, असे लिहिले.