फिरकीचा तांब्या

परवा आईकडे माळा साफ करताना फिरकीचा तांब्या सापडला. पितळी, आतली कल्हई उडालेली, गळ्यापाशी पोचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आहेर देणाऱ्याचं नाव कोरलंय, पण आडनाव चिंचेने घासून घासून गेलंय आणि नुसत्या नावावरून माणूस कोण ते आईलाही आठवत नाही. म्हणजे आयुष्यभर ज्याच्या तांब्यातलं पाणी प्यायलो तो कोण, हेच माहीत नाही!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दादरहून कोयना पकडायचो, मिरजेला आजोळी. सकाळी बसलं की पार संध्याकाळपर्यंत गाडीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पेपरात गुंडाळलेले कांदे आणि खिडकीच्या कडेला हा तांब्या. फिरकी घट्ट बसली की आडवा पडला तरी थेंब सांडत नसे, फक्त ती उघडायला बाबाच लागायचे कारण आमच्यापैकी कोणीतरी ती हमखास वाकडी बसवलेली असायची.

पण खरी गंमत कर्जतला. गाडी थांबायचा अवकाश, बाबा तांब्या घेऊन खाली. नळावर ही गर्दी, वडापाववाले खिडकीखिडकीतून ओरडतायत, आणि आई दारात उभी, "अहो चला ना, सुटेल गाडी!" मी तर रडकुंडीलाच यायचो, आता बाबा इथेच राहणार म्हणून. बाबा मात्र निवांत. तांब्या विसळणार, भरणार, शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलणार, मग डुलत डुलत येणार.

त्यांचा हिशोब मला खूप नंतर कळला. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून तो चढ इंजिनांना घाम फोडतोय, काही ठिकाणी 37 फुटांना 1 फूट. म्हणून कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना, ती लोणावळ्यापर्यंत येतात. ती जोडली जाताना डब्यात मागून धक्का जाणवतो. तो बसल्याशिवाय गाडी हलत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक. आईला का सांगितलं नाही कधी, देव जाणे. बहुतेक तिचं ते हाका मारणं त्यांना आवडत असावं.

आणि आणखी एक, हे मी स्वतः पाहिलंय. एकदा तांब्या अर्ध्याहून जास्त भरलेला होता तर बाबांनी उतरून तो सरळ रुळांवर ओतला आणि परत भरून आणला. पाणी कोणाला हवं होतं! दिवसभर आम्हा पोरांच्या कलकलाटात बसायचं म्हणजे तेवढी पाच मिनिटं लागतच असणार माणसाला.

आता सीलबंद बाटल्या. 2003 मध्ये रेल नीर आलं, त्याआधी बिसलेरी होतीच, जागेवर बसून पाणी मिळतं, उतरायला कारणच उरलं नाही. मागच्या दिवाळीत मिरजेला निघालो तेव्हा बायकोने घरूनच तीन बाटल्या भरून घेतल्या होत्या, डबा होता, पोरं मोबाईलवरून भांडत होती. कर्जत आलं. मी म्हटलं, वडापाव आणतो.

"आत्ता तर खाल्लंस!"

तरी उतरलोच. वडापाव घेतला, प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्याच खाल्ला, अगदी सावकाश. दारातून बायको ओरडतेय, "अरे चढ ना, सुटेल गाडी!" मागे धाकटा रडवेला.

मी हात केला. मागून धक्का अजून बसायचा होता.