तुम्ही विचारलंत म्हणून: झाइवा ही जिंगफोचीच बोली ना?

प्रश्न नेहमी हाच असतो. चीनमधल्या युन्नानच्या देहोंग भागाविषयी किंवा ब्रह्मदेशातल्या काचिन राज्याविषयी दोन वाक्यं बोलून होतात न होतात, तोच कुणीतरी विचारतं, "म्हणजे झाइवा ही जिंगफोचीच बोली ना?" जिंगफो आणि झाइवा ही तिथल्या लोकांचीही नावं आहेत आणि त्यांच्या भाषांचीही. आसाम-अरुणाचलातले सिंगफो ज्यांना माहीत आहेत ते तर विचारतही नाहीत, सांगूनच टाकतात. सिंगफो म्हणजे जिंगफो, झाइवा हे जिंगफोंपैकी, म्हणून झाइवा भाषा सिंगफोसारखी. पहिली दोन विधानं ठीक आहेत. तिसरं चूक आहे.

झाइवा ही बर्मीची बहीण. ल्हाओवो म्हणजे मारू, लाशी, बोला आणि आचांग या तिच्या आणखी बहिणी. जिंगफो तिबेटी-बर्मी कुळातलीच, पण दुसऱ्या शाखेची, लांबची नातलग. इतकं सांगून थांबलो की समोरचा म्हणतो, "पण शब्द तर सारखेच दिसतात!" खरं भांडण इथे सुरू होतं.

आधी नाव. लॅटिन लिपीत ते 'झेड'ने लिहितात म्हणून आपण झाइवा म्हणतो आणि आता तेच रूढ झालंय. त्या अक्षराचा खरा उच्चार 'चांगला'तल्या च सारखा आहे, 'चार'मधल्या च सारखा नाही. मराठी जिभेला तो शिकवावा लागत नाही. तरीही आपण तो बाहेरच्या स्पेलिंगवरून चुकीचा उचलला, याचं मला वाईट वाटतं.

आता शब्दांची यादी. या प्रश्नावर सगळे जण जिथे घसरतात ती जागा हीच. मी स्वतः कितीतरी दिवस अशीच यादी पुढे करत असे आणि तिने माझीच बाजू लंगडी होई. तीन रकाने आखा: जिंगफो, झाइवा, आजची बोलली जाणारी बर्मी. तीन: मसुम, सुम, थोंः. मरणे: सि, शि, थे. खाणे: शा, चो, साः. पहिल्या दोन ओळींत झाइवा उघडउघड जिंगफोच्या बाजूला आहे आणि तिसरीत जिंगफो नि बर्मी जवळच्या वाटतात, झाइवा एकटी पडते. यादी वाचणारा हसतो आणि म्हणतो, बघा.

चूक यादीत आहे. बर्मीचे उच्चार गेल्या काही शतकांत घसरत गेले, लिहिणं मात्र जुनंच राहिलं. जुना स आज जीभ दातांत ठेवून म्हटल्यासारखा थ झाला, आणि जुन्या च ने स ची रिकामी जागा घेतली. म्हणून तिसरा रकाना बोलीवरून भरू नका, लिखित बर्मीवरून भरा. मग तीन म्हणजे सुम्ः, मरणे म्हणजे से, खाणे म्हणजे चाः. सुम आणि सुम्ः, चो आणि चाः. चित्र पालटतं. आग या शब्दात तर वादच उरत नाही: जिंगफो वान, झाइवा म्यी, बर्मी मीः.

तरीही नुसत्या साम्यावर विसंबू नका. दूरच्या नातलगांतही पाच आणि मासा हे शब्द सारखेच असतात, कारण ते सगळ्या कुळाच्या सामायिक ठेव्यातले आहेत. दिसण्यातलं साम्य फसवतं. शोधायचा असतो तो फरक, आणि तो नियमाने परत परत येतोय का, हे पाहायचं असतं. बर्मीत जिथे आ, तिथे झाइवात ओ. वाङ्मयातला ङ शब्दाच्या सुरुवातीला म्हणून बघा: 'मी' बर्मीत ङा, झाइवात ङो. 'पाच' ङाः, इकडे ङो. 'खाणे' चाः, इकडे चो. डोळ्याच्या शब्दात बर्मी म्यक, तर झाइवात म्यो आणि शेवटी घशात अडकवलेला झटका. जिंगफोत याच जागी आ आहे: ङाइ, मङा, शा.

याहून पक्का पुरावा सुरांचा, म्हणजे शब्द कोणत्या पट्टीत म्हणतात त्याचा. बर्मी लिपीत एक सूर शब्दापुढे दोन टिंबांनी दाखवतात, अगदी आपल्या विसर्गासारखा. तीन, पाच, नऊ, मासा, कुत्रा, आग, खाणे या सगळ्यांवर ती टिंबं आहेत आणि झाइवात हे सगळे शब्द खालच्या पट्टीत उतरत्या सुरात येतात. 'मी', 'दहा', 'मरणे' यांवर टिंबं नाहीत आणि झाइवात हे तिन्ही उंचावरून खाली येतात. म्हणजे ङो आणि ङो, 'मी' आणि 'पाच', यांतला भेद जसा बर्मीत आहे तसाच झाइवात जपलेला आहे. शब्द उसना घेता येतो. सुरांची अशी ओळीने लागलेली जुळणी कुणी उसनी घेत नाही. यादी करणाऱ्यांनी सूर लिहिले नाहीत की नेमका हाच पुरावा गळून जातो, आणि बहुतेक जण लिहीत नाहीत.

पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे असं आपण स्वर बदलून करतो. बर्मीत तेच काम व्यंजनात ह भरून होतं: प्यक म्हणजे बिघडणे, फ्यक म्हणजे बिघडवणे. झाइवात अशा काही जोड्या घसा आवळून म्हटलेल्या स्वरानेही होतात. ऐकणाऱ्याला तो आवळ कळला नाही तर दोन क्रियापदं एकच वाटतात आणि यादीत आणखी एक चूक जाते. मारूने याहून वेगळं वळण घेतलं. इतरत्र जे शब्द स्वरावर संपतात त्यांतल्या काहींच्या शेवटी तिने क किंवा त जोडला. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन्स बर्लिंग यांनी 1966 मध्ये ते नीट उलगडून दाखवेपर्यंत हे शेपूट जुनं की नवं, हाच गोंधळ होता.

इथवर मी ठाम आहे. पुढे तितका नाही.

चीनमध्ये जिंगफो म्हणून नोंदलेले लोक 2020 च्या जनगणनेत 1 लाख 60 हजारांच्या आसपास होते आणि त्यांच्यात झाइवा बोलणारेच जास्त आहेत. ते स्वतःला जिंगफोंपासून वेगळे काढत नाहीत. उलट आचांग, भाषेने झाइवाच्या सख्ख्या, सरकारदरबारी स्वतंत्र जमात आहेत. भाषेची रेघ एकीकडून जाते आणि माणसांची दुसरीकडून. 1957 मध्ये झाइवासाठी जिंगफोपेक्षा वेगळी लॅटिन लेखनपद्धती ठरली, देहोंगमधल्या लुशीच्या पश्चिम डोंगरातल्या लोंगझुन गावचा उच्चार प्रमाण धरून. माझ्या मते ते योग्यच झालं. पण तेवढ्याने लोक वेगळे झाले, असा माझा पूर्वीचा सूर होता. तो मी मागे घेतो.

कारण घर. या लोकांत लग्न स्वतःच्या घराण्यात होत नाही. मुलगी देणारं घराणं, मयु, आणि घेणारं घराणं, दामा, हे ठरलेले असतात आणि मामाची मुलगी करणं चांगलं मानतात, हे आपल्याकडच्या कित्येकांना समजावून सांगायला नको. झाइवा घराण्याचे मयु जिंगफो बोलणारे असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या सून जिंगफो बोलत येते. नवरा आपली भाषा बोलतो, बायको आपली. मूल आधी आईची भाषा उचलतं आणि मोठं होताना वडिलांच्या भाषेकडे वळतं, कारण ओळख वडिलांकडून चालते. 'तुमची मातृभाषा कोणती' हा आपला साधा प्रश्न तिथे विचारला की उत्तर भलत्याच रकान्यात जाऊन पडतं. मोठ्या सणाचं चिनी सरकारी नाव मुनाओ-झोंगगअ हेसुद्धा असंच घडलंय: पहिला शब्द जिंगफो, दुसरा झाइवा, अर्थ दोन्हींचा एकच, सगळ्यांनी मिळून नाचणं.

म्हणून 'जिंगफोची बोली नाही' हे मी आजही म्हणतो, पण 'जिंगफोशी काही संबंध नाही' असं कुणी त्यावरून काढलं तर मला राग येतो. पूर्वी हे दुसरं वाक्य मीच म्हणत असे.

आणि एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. यादी शुद्ध करताना झाइवातले जिंगफो शब्द मी उसने म्हणून बाजूला काढतो. काढावेच लागतात, नाहीतर तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुकतं. पण ज्या मुलाच्या तोंडून तो शब्द आला, त्याला तो त्याच्या आईने शिकवलेला असतो. त्याच्यापुढे 'उसना' असं लिहिताना माझा हात अडतो.