९ मिमी हँडलोड, टप्पा दुसरा: डमी काडतुसं आणि गोळीची पकड

हँडलोड म्हणजे स्वतः हाताने भरलेलं काडतूस. या टप्प्यावर १२४ ग्रेनच्या (सुमारे ८ ग्रॅम) जॅकेटेड, म्हणजे धातूचं आवरण असलेल्या गोळीची पाच डमी काडतुसं तयार आहेत. त्यांत प्रायमर (ठोका बसला की पेटणारी बुडातली टोपी) नाही, पावडर नाही. पावडरला अजून हात लावलेला नाही, कारण पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) गोळीवरची पकड आणि काडतुसाची लांबी ठरल्याशिवाय चार्ज, म्हणजे पावडरचं वजन, ठरवण्यात अर्थ नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकणारा भाग) काडतूस मॅगझीनमधून ओढते आणि गोळीचं नाक फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटवत ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलते. पकड ढिली असेल तर गोळी पुंगळीत मागे सरकते, आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो. ९ मिमीच्या पुंगळीत जागा मुळातच कमी, त्यामुळे इथे चूक लवकर महागात पडते.

तपासणी अशी: टेबलावर एकही जिवंत काडतूस नको. डमीची लांबी कॅलिपरने मोजायची, मॅगझीनमधून स्लाइड पूर्ण वेगाने सोडून दोनदा चेंबर करायची, पुन्हा मोजायची. ०.०५ मिमीपर्यंतचा फरक चालतो, ०.१ मिमी घट दिसली की डायची (काडतूस भरायच्या साच्याची) सेटिंग बदलायची. इथे बरेच जण क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची गोळीभोवतीची दाब, आवळतात, आणि तेच चुकतं. पकड येते ती सायझिंगमधून (पुंगळी दाबून मूळ मापात आणण्यातून) आणि एक्स्पांडरच्या (तोंड रुंद करणाऱ्या दांड्याच्या) जाडीतून. जास्त आवळलेली पितळ थोडी परत उघडते, दाबलेली गोळी मात्र दबलेलीच राहते, म्हणजे पकड उलट सैल होते. टेपर क्रिंपचं काम तोंडाची फुगवलेली कड सरळ करण्यापुरतंच. तोंडाचा व्यास ९.६० मिमीच्या आसपास पुरे. ९ मिमीचं काडतूस पुंगळीच्या तोंडावरच टेकतं, तेव्हा तोंड आत वळवून चालणारच नाही.

चेंबरसाठी नळी पिस्तुलातून काढून डमी आत सोडायची. ‘टक्’ असा आवाज यावा, बोटाने सहज फिरावी, नळी उलटी केली की आपोआप पडावी. अडली तर डमीवर मार्करची शाई फासून पुन्हा घालायची आणि फिरवायची. गोळीवर ओरखडा आला तर ती रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) टेकतेय, तिला आणखी खोल बसवावं लागेल. तोंडाजवळ आला तर कड पुरती सरळ झालेली नाही. बुडाशी आला तर पुंगळी फुगलेली आहे. एकूण लांबी २९.६९ मिमीच्या वर नकोच. लोड डेटातल्यापेक्षा (छापील भरणी-तक्त्यापेक्षा) खोल बसवावं लागलं तर चार्ज सुरुवातीच्या पातळीवर आणूनच पुढे जायचं.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ०.०८ ते ०.१३ मिमी आत हवा. बोट फिरवलं की कळतं. वर राहिलेला प्रायमर पहिल्या ठोक्याला पेटत नाही, किंवा स्लाइड पूर्ण बंद होण्याआधीच पेटू शकतो.

पुढचा टप्पा पावडरचा: डेटातला सुरुवातीचा चार्ज, प्रत्येक पायरीला पाच काडतुसं, वाढ ०.१ ग्रेनची. दुप्पट चार्ज पडला तर पुंगळीबाहेर ओसंडेल अशी फुगीर पावडर घेणं उत्तम. गोळी बसवण्याआधी ट्रेमधली प्रत्येक पुंगळी टॉर्चने पाहायची.

रेंजवर ‘फुस्’ असा दबका आवाज आला किंवा धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकली असू शकते; स्लाइड ओढून पुढचं काडतूस चढवायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबायचं, मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं करायचं, पिस्तूल उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं.