संकीर्ण

दुपारी अडीचच्या सुमाराला, पंखा डोक्यावर गरम हवाच इकडून तिकडे ढकलत असताना, मी विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर 'उन्हाळा' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मग नेहमीसारखी दुसरी. दोन रेघा मारल्या की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. यंदा कथा-कादंबऱ्या नाहीत असं ठरवलंय. दोन महिने फक्त ते दुसरं वाचायचं.

त्या दुसऱ्याला म्हणायचं काय, इथेच माझी पहिली दहा मिनिटं जातात. ललितेतर? कथेतर? दोन्ही नावं नुसती नकाराची. एखाद्या माणसाची ओळख 'हे डॉक्टर नव्हेत' अशी करून द्यावी, तसलीच. 'माहितीपर' म्हटलं की पुस्तक उघडण्याआधी जांभई येते. आणि कपाटावर 'वैचारिक' अशी पट्टी दिसली की मी आपोआप पाय न वाजवता चालायला लागते. एवढं मोठं जग, राजे, ग्रह, मुंग्या, रोग, व्याकरणं, आणि त्याला धड एक नाव नसावं?

एक नाव होतं खरं. लहानपणी सुट्टीत आत्या मला वाचनालयात न्यायची. एका वेळी दोन पुस्तकं मिळत. ती तिची निवडेपर्यंत मी कपाटांवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरायचे. कादंबरी, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, आणि अगदी शेवटी खिडकीपाशी, उन्हानं शाई विटलेली एक चिठ्ठी : संकीर्ण. त्या कपाटात दोरखंडाच्या गाठींवर पुस्तक होतं, मधमाश्यांवर होतं, हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्यावर होतं, घड्याळांच्या इतिहासावर होतं. माझी पक्की समजूत होती की संकीर्ण हे आडनाव आहे. हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय. मी आत्याला विचारलंसुद्धा, की या संकीर्णांना इतकं सगळं कसं येतं? तिनं पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "फार हुशार माणूस." पुढची दोन वर्षं मी त्याच समजुतीत होते. खरं कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं.

तर यादी. यादी करण्याचं सुख आणि पुस्तकं वाचण्याचं सुख यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे माझ्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. यादीतली मी ही वाचणाऱ्या माझ्याहून कितीतरी बरी बाई असते. तिला अर्थशास्त्रात रस असतो. ती सकाळी उठून खगोलशास्त्राची पन्नास पानं वाचते. थोरला प्लिनी मला म्हणूनच जवळचा वाटतो. पहिल्या शतकातला हा रोमन माणूस, निसर्गाविषयी जे जे म्हणून माहीत आहे ते सगळं त्यानं 37 भागांत लिहून काढलं, आणि त्यातला पहिला अख्खा भाग म्हणजे अनुक्रमणिका आणि कुठून काय घेतलं त्याची यादी! हेतू असा, की भावी सम्राटाला सगळं वाचत बसायला लागू नये. मी सम्राट असते तर त्या पहिल्या भागावरच उन्हाळा काढला असता.

पण यादी नुसती लांब असून भागत नाही, ती विविध हवी. इथे माझे काही नियम आहेत, ते कुणी मागितलेले नाहीत. दोन महायुद्धं एका उन्हाळ्यात नकोत. दोन थोर पुरुषही नकोत, ते एकमेकांना खातात. एक पुस्तक जिवंत गोष्टींचं, एक निर्जीव गोष्टींचं. एक पाचशे पानांच्या वरचं, ते उशाशी दिसायला बरं. एक असं, की ज्या विषयातलं मला काडीचं कळत नाही. आणि एक अगदी बारीक, शेवटच्या आठवड्यात आकडा वाढवायला. त्या बारीक जागेवर यंदा शास्त्रज्ञ फॅरेडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं लिहिली आहेत. 1860 च्या नाताळाच्या सुट्टीत मुलांसमोर दिलेली सहा व्याख्यानं, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. एक मेणबत्ती आणि सहा व्याख्यानं! आमच्या शाळेत मेणबत्ती ग्लासाखाली विझली की धडा संपत असे.

विविधतेचा हा सोस कॉलेजात असताना कळसाला पोचला होता. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं मला मेल्विल ड्यूई या माणसाची पद्धत सांगितली. 1876 साली त्यानं सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि त्यांना शेकड्यांचे आकडे दिले. शंभरात तत्त्वज्ञान, दोनशेत धर्म, तीनशेत समाज, चारशेत भाषा, पाचशेत विज्ञान, असं करत नऊशेत इतिहास-भूगोल. सुरुवातीच्या शून्यात जे कुठेच बसत नाही ते. म्हणजे आमचे संकीर्णच, पण तिकडे त्यांना पहिल्या बाकावर बसवलेलं. मला ही वाटणी इतकी आवडली की मी जाहीर केलं, या सुट्टीत दहा वर्गांतलं एकेक पुस्तक, क्रमानं. शून्याचं पुस्तक आठ दिवसांत झालं. मग शंभर. शंभरातलं जे उचललं त्यात मनाबाहेर जग आहे की नाही असा प्रश्न होता. सगळा मे महिना त्यात गेला. जून लागला तरी जग आहे की नाही याचा निकाल लागेना, आणि कॉलेज मात्र सुरू झालं. त्यामुळे अजूनही माझं ज्ञान शंभरापर्यंतच आहे, असं घरात म्हटलं जातं.

तेव्हापासून क्रम सोडला. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला एक मी सोयीसाठी धरून ठेवला आहे : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे त्या शंभरातल्या पुस्तकालाही असेल कुणीतरी. मी नव्हते, एवढंच.

जिवंत गोष्टींच्या जागेवर यंदा गांडुळं आहेत. खरं तर हे पुस्तक मी आधी वाचलंय, पण यादीत एक वाचलेलं पुस्तक घालावं. पहिली खूण लवकर करता येते. डार्विनचं हे शेवटचं पुस्तक, 1881 चं. त्याच्या पुढच्याच वर्षी तो गेला. उत्क्रांती वगैरे सांगून जगाला हादरवून झाल्यावर म्हातारपणी हा माणूस कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून बसला होता. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली, बासून नावाच्या वाद्याचे जाड सूर काढले, पियानो वाजवला. गांडुळांनी ढुंकून पाहिलं नाही. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला, तर गांडुळं सुर्रकन बिळात. आवाज कळत नाही, थरथर कळते. हे वाचताना मला त्या घरातल्या बाकीच्या माणसांची फार दया आली. पियानोवर मातीच्या कुंड्या, त्यात गांडुळं, आणि घरातला जगप्रसिद्ध माणूस वाकून बघतोय.

त्याच पुस्तकातली दुसरी एक गोष्ट मात्र मी अधूनमधून उगीच आठवत बसते. डार्विननं 1842 मध्ये एका कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. नंतर 29 वर्षं थांबला. 1871 मध्ये तिथे चर खणून पाहिला, तर पांढऱ्या खड्यांची ओळ जमिनीखाली सात इंच गेलेली. गांडुळांनी माती वर आणून आणून ती पुरली होती. सात इंचांसाठी एकोणतीस वर्षं! मी साधं बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघते. मधल्या काळात त्यानं बाकीची पुस्तकं लिहिली, मुलं वाढवली, पण त्या कुरणात आपण काहीतरी ठेवलंय हे विसरला नाही. एवढं कशाचं तरी स्मरण मला राहिलं असतं तर मी आधीच्या उन्हाळ्यांच्या याद्या तरी सांभाळून ठेवल्या असत्या.

असो. आता हिशेब. साठ दिवस, आठ पुस्तकं, सरासरी साडेतीनशे पानं, म्हणजे दिवसाला सत्तेचाळीसच्या आसपास. हा हिशेब मांडताना मी एक लबाडी करते आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. या पुस्तकांची शेवटची पानं पुस्तकाची नसतातच. टिपा, संदर्भ, सूची. जाडजूड इतिहास हातात घेऊन तुम्ही रात्री पडलेले असता, उजव्या अंगठ्याखाली अजून बोटभर जाडीची पानं असतात, निदान आठवडाभराची बेगमी आहे असं वाटत असतं, आणि पान उलटलं की एकदम 'टिपा'. पुस्तक संपलेलं असतं. कादंबरीत हे होत नाही. तिथे अंगठ्याला आधीच कळतं. मला हा धक्का आवडतो. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसा.

आत्याला तो अजिबात आवडत नाही. ती आधीच मागची पानं मोजून घेते. पण त्याचं कारण वेगळं आहे. आत्या सबंध आयुष्य चरित्रं वाचत आली. शास्त्रज्ञ, राण्या, गवई, सेनापती, कुणीही चालतं. फक्त ती शेवटचं प्रकरण वाचत नाही. शेवटचं प्रकरण कुठे सुरू होतं ते आधी बघायचं, तिथे खूण घालायची, आणि खुणेपर्यंत पोचलं की पुस्तक परत. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिला कारण विचारलं होतं. "त्यात तो मरतो," ती म्हणाली. "मग मी कशाला थांबू तिथे?"

म्हणून तिची खरी आवड आत्मचरित्रांची. आत्मचरित्रात माणूस मरत नाही, हा तिचा सिद्धांत. आणि तो खोडून काढणं अवघड आहे. बेंजामिन फ्रँकलिन 1790 पर्यंत जगला, पण त्याची आत्मकथा 1757 मध्येच थांबते. गांधीजींची 1920 च्या सुमारास संपते, म्हणजे पुढची जवळजवळ अठ्ठावीस वर्षं पानाबाहेर. बाबराची रोजनिशी मध्ये मध्ये वर्षंच्या वर्षं गायब आहे, एके ठिकाणी तर वाक्यही अर्ध्यावर सुटलंय, आणि 1529 नंतर पुढे काही नाही. तो 1530 मध्ये गेला. आत्याला हे सगळं तोंडपाठ. "बघ, एकानेही लिहिलं नाही," असं ती जिंकल्यासारखं म्हणायची. मी म्हणायचे, अगं, लिहिणार कसे? त्यावर तिचं उत्तर, "तेच तर."

तिच्या घरातल्या चरित्रांना यामुळे एक गंमत झाली आहे. शेवटची वीस-पंचवीस पानं सोडून बाकीची सगळी वापरून पिवळी, मऊ, कोपरे दुमडलेली, आणि मागचा भाग कडक, कोरा करकरीत. पुस्तक मिटलं तरी कडेवरून ती रेघ दिसते. आत्या कुठे थांबली ते बाहेरूनच कळतं.

आता तिला वाचवत नाही. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली, तरी बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या वर्षापासून मी जाते आणि वाचून दाखवते. प्लिनीला जेवताना, आंघोळीनंतर अंग पुसून घेतानाही कुणीतरी वाचून दाखवायला लागायचं, असं त्याच्या भाच्यानं लिहून ठेवलंय, ते मी तिला सांगितलं तर तिनं विचारलं, "आणि वाचणाऱ्याला पाणी कोण देत होतं?" तेव्हापासून तांब्या तिच्या उशाशी नाही, माझ्या खुर्चीपाशी असतो.

दुपारी यादी निम्म्यावर आली तेव्हा तिलाच फोन केला. म्हटलं, आत्या, दोन महिने आहेत, तुझ्यासाठी कुठली पुस्तकं आणू ते सांग. गांडुळांचं आणू का? नकाशांवर एक चांगलं निघालंय.

"नवीन काही नको," ती म्हणाली. "घरातलीच वाचू."

"वाचलेली?"

"नाही गं. ती राहिलेली. शेवटची प्रकरणं."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठल्या पुस्तकाचं?

"सगळ्यांचीच," आत्या म्हणाली. "रोज एक. तू ये फक्त वेळेवर."

मग तिनं नेहमीसारखं, जेवलीस का, झोप झाली का, असं विचारलं आणि फोन ठेवला. मी बिल पुन्हा पुढे ओढलं. पंखा फिरतच होता, कागदाचा एक कोपरा उडत होता, त्यावर पेन्सिलीचा डबा ठेवला. तिच्या कपाटात चरित्रं किती असतील ते आठवून पाहिलं. वरच्या फळीवर बावीस-तेवीस तरी असतील, खालच्या फळीवर किती ते लक्षात येईना. गांडुळं खोडली. पाचशे पानांवरचं खोडलं. मेणबत्ती तेवढी राहू दिली.

हे नवीन कुठल्या मथळ्याखाली लिहायचं ते मात्र ठरेना. चरित्र म्हणावं तर चरित्र नव्हे. तूर्त संकीर्ण लिहिलंय.