चढावर उतरायचं

बायकोने निरोप देताना एकच अट घातली. "एकटे जाताय ते ठीक आहे, पण एकटेच परत या." लेक मात्र गंभीर होती. तिने माझ्या फोनवर कसलंसं ॲप टाकून दिलं. मी नकाशावर निळा ठिपका होऊन तिच्या ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या स्वयंपाकघरात दिसणार होतो. "बाबा, ठिपका अर्धा तास हलला नाही, तर मी फोन करणार." हा ठिपका हलण्यापेक्षा थांबण्यासाठीच निघालाय, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझं वय ६६. बेत साधा होता. जिलाँगहून टॉर्की, तिथून ग्रेट ओशन रोड धरायचा, समुद्राच्या कडेकडेने वॉरनंबूल गाठायचं आणि आगगाडीने परत यायचं. सगळं मिळून २७५-२८० किलोमीटर. जावई एवढं अंतर शनिवार-रविवारात मारतो. मी आठ दिवस घेतले. त्याच्या मनगटावरचं घड्याळ थांबलेला वेळ धरतच नाही, त्यामुळे त्या घड्याळाच्या हिशेबाने माझी निम्मी सफर झालेलीच नाही.

सायकल जुनी घेतली, आणि ती लेडीज निघाली. निघाली कसली, मीच निवडली. मागे कॅरिअरवर तंबू, त्यावर स्लीपिंग बॅग, दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या. एवढ्या डोंगरावरून उजवा पाय फिरवून टांग मारायची म्हणजे आधी पाय तेवढा वर जायला हवा. दुकानात एकदा करून पाहिलं. पाय पिशवीत अडकला, मी एका पायावर, सायकल माझ्या अंगावर, आणि दुकानदार मुलगा नम्रपणे छताकडे बघत उभा. मग त्यानेच दांडी नसलेली सायकल पुढे केली. माझ्या लहानपणी पुण्यात जो मुलगा बहिणीची सायकल घेऊन शाळेत यायचा, त्याला पुढे मॅट्रिकपर्यंत त्याच नावाने हाक मारली जायची. इथे टॉर्कीपर्यंत मला कोणी हसलं नाही. हसायला ओळखीचं माणूस लागतं.

खरं म्हणजे सायकल चालवण्यापेक्षा सायकलवरून उतरणं ही मोठी गोष्ट आहे, हे माझं जुनं मत. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर मी चालवायला आधी शिकलो आणि उतरायला नंतर. मधले दोन दिवस एखादा ओटा नाहीतर दगड हेरून त्यावर पाय टेकायचो, तेव्हा कुठे थांबायचो. उतरायला आलं तेव्हा कळलं की जिकडे तिकडे उतरण्याचेच प्रसंग. समोरून गुरुजी आले की उतरायचं. रात्री दिवा नसेल आणि चौकात पोलीस दिसला की उतरायचं, नाहीतर तो चाकातली हवा सोडायचा. आणि चढ आला की उतरायचं. वडील वर्षानुवर्षं सायकलने कामावर गेले. चढाला ते उतरत, सायकल हातात धरून चालत, आणि शेजारी तसाच उतरलेला कोणीतरी असे, त्याच्याशी भावकीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं बोलून होई. त्यात हार-जीत नव्हती. चढ बोलण्यासाठीच असतो, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती.

आता चोवीस गिअर आले. उतरलास म्हणजे हरलास.

टॉर्कीहून पश्चिमेकडे निघालं की समुद्र डाव्या हाताला येतो. इथेही वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे सायकलवाल्याला रस्त्याची समुद्राकडची कडा मिळते. मध्ये मोटारींची रांग नाही, काही नाही. एवढ्यासाठी मी ही दिशा धरली. पण या किनाऱ्यावर वारा बहुतेक पश्चिमेकडून नाहीतर नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तोंडावर. शहाणे लोक उलट दिशेने येतात, वारा पाठीशी घेऊन. समुद्र जवळ हवा की वारा मागे, यातलं एकच मिळतं. मी समुद्र घेतला, आणि पहिल्या दोन दिवसांत वाऱ्याने त्याची पुरेपूर किंमत वसूल केली. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं, हे मी घरी सांगितलेलं नाही.

मोटारींची भीती मात्र दुसऱ्या दिवशी गेली. व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून कायदाच आहे. सायकलला ओलांडताना मोटारीने निदान एक मीटर अंतर ठेवायचं, आणि वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरच्या वर असेल तिथे दीड मीटर. लोक ते पाळतात. माझ्यामागे तीन-तीन कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकावरची घरं, मुंगीच्या पावलाने येत, हॉर्न नाही. दीड मीटरमध्ये आपल्याकडे एक रिक्षा आणि दोन स्कूटर बसतात. पहिल्या दिवशी एवढी मोकळी जागा बघून मलाच चुकल्यासारखं वाटत होतं.

हेल्मेट सक्तीचं आहे, तेही १९९० पासून. एका बाईंच्या हेल्मेटवर साळिंदरासारखे प्लॅस्टिकचे काटे उभे होते. विचारलं, तर म्हणाल्या की वसंतात मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात, त्यांच्यासाठी. मी मार्चमध्ये गेलो होतो, म्हणजे तिथल्या शरदात. मॅगपायांनी मला काही केलं नाही. आपला कावळाही उन्हाळ्यात टोचतोच म्हणा, पण त्यासाठी पुण्यात कोणी काटे लावलेले आठवत नाहीत.

लॉर्नच्या अलीकडे ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी हा रस्ता खणला. १९१९ ला सुरुवात, १९३२ ला शेवट. कुदळ, फावडं, घोडागाडी, सुरुंग, आणि खाली समुद्र. जे मित्र परत आले नाहीत त्यांचं स्मारक म्हणून त्यांनी हा अख्खा रस्ता केला. स्मारक म्हटलं की आपल्याला चौथरा आठवतो, ज्याच्याभोवती फिरून पुढे जायचं. या स्मारकावरून मी दोन दिवस सायकल चालवत होतो, वाऱ्याला शिव्या देत. कमानीपाशी उतरलो. अगदी गुरुजी दिसल्यासारखा. कमानीखालून सायकल हातात धरून गेलो, आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसलो. मागच्या कॅरॅव्हॅनला वाटलं असेल, म्हातारा दमला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, कुठे उतरलास?"

मराठीत प्रवासाला गेलेला माणूस राहत नाही, उतरतो. हा प्रश्न मला त्या आठ दिवसांत रोज ऐकायला मिळाला, आणि रोज उत्तर एकच: कॅरॅव्हॅन पार्कमध्ये. तिथली वस्ती म्हणजे निवृत्त नवरा-बायको, ज्यांना इथे ग्रे नोमॅड म्हणतात. पांढऱ्या केसांचे भटके. घर बंद करून किंवा विकून, कॅरॅव्हॅन ओढत देशाला प्रदक्षिणा घालतात. त्यांच्या गाडीमागे फ्रिज असतो, छत्री असते, कुत्रं असतं. माझ्या हातभर तंबूकडे बघून ते हमखास विचारायचे, "ऑन योर ओन, मेट?" एकटेच? आणि मग काहीतरी आणून द्यायचे. बटाटे दिले, बिअर दिली, एकदा अर्धा केक. एकटेपणाला इतकं उत्पन्न असतं, याची मला कल्पना नव्हती.

पहिल्यांदा मात्र घोळ झाला. एक आजोबा समोरून येऊन म्हणाले, "हाऊ यू गोइंग?" मी सायकलकडे बोट दाखवून म्हटलं, "बाय बायसिकल." ते थोडा वेळ विचारात पडले. कसं काय, बरं आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

अपोलो बेला समुद्रकाठच्या बागेत विजेची फुकट शेगडी आहे. बटण दाबलं की सपाट तवा तापतो. या देशात सार्वजनिक शेगड्या आहेत, आणि लोक त्या वापरून पुसून ठेवतात. त्यावर आधी कोणी काय भाजलं असेल या विचाराने मी फॉइल अंथरलं, आणि बायकोने बांधून दिलेल्या भाजणीचं थालीपीठ लावलं. बोटाने मधे भोक पाडलं, तेल सोडलं. शेजारच्या तव्यावर सॉसेज परतणारे गृहस्थ ते भोक बघून थांबले. "ते कशासाठी?" मी सांगितलं, तेल खालपर्यंत जावं म्हणून. त्यांनी अर्धं खाल्लं, आणि बायकोला हाक मारली. ती आली, तिने उरलेलं अर्धं खाल्लं. मी रात्री त्यांच्या बटाट्यांवर भागवलं.

पाचवा दिवस लॅव्हर्स हिलचा. अपोलो बेनंतर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. आधी मेट्स रेस्टपर्यंत चढवतो. तिथे माणसाच्या दुप्पट उंचीची नेची, माथ्यावर हिरव्या छत्र्या उघडून उभी. मग चढवलेलं सगळं काढून घेऊन पुन्हा समुद्रसपाटीला आणतो, आणि तिथून परत वर, साडेचारशे मीटरच्या आसपास. सगळ्यात हलका गिअर लावला. गुडघे कुरकुरले. एका वळणावर सायकलचा वेग इतका कमी झाला की एक गोगलगाय बरोबरीने येतेय असं वाटलं. मी उतरलो.

आणि चालायला लागलो. वडिलांसारखाच, डावा हात हॅण्डलवर, उजवा सीटवर. शेजारी गप्पा मारायला कोणी नव्हतं म्हणून मी क्लिफ यंगना घेतलं.

हे यंग इथलेच. लॅव्हर्स हिलपासून जवळ बीच फॉरेस्टला त्यांची बटाट्याची शेती. १९८३ मध्ये सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची धावण्याची शर्यत ठेवली होती. त्यात तयारीच्या तरुण धावपटूंमध्ये ६१ वर्षांचे हे शेतकरी उभे राहिले. मेंढ्यांमागे गमबूट घालून धावायची सवय, एवढंच भांडवल. त्यांचं धावणं पाय घासत चालल्यासारखं. लोक हसले. बाकीचे रात्री झोपत, तेव्हा हे पाय घासत पुढे. ५ दिवस, १५ तास आणि ४ मिनिटांत ते पहिले आले. बक्षिसाचे १०,००० डॉलर बाकीच्या धावपटूंना वाटून टाकले. आडनाव यंग. याच व्हिक्टोरियात एर्नी ओल्ड नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी सत्तरी उलटल्यावर लांबलांबच्या सायकल सफरी केल्या. एकसष्टीचे यंग, सत्तरीचे ओल्ड. मधे मी, ६६ चा, माझ्या आडनावात वयाचा काही उल्लेख नाही.

फोन वाजला. "बाबा, ठिपका खूप हळू हलतोय. बरा आहेस ना?"

"चालतोय."

"काय चालतंय?"

"मी."

माथ्यावर चहा घेतला आणि पलीकडे उतार सुरू झाला. आपल्याकडे साठीनंतरच्या काळाला उतारवय म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज खाली आणतात. हा शब्द काढणाऱ्याने सायकल चालवली नसणार. पायडल स्थिर, कानात वारा, नेची मागे पळताहेत, आणि काही न करता जिलाँगच्या नकाशावर ठिपका सुसाट. आयुष्यात इतक्या फुकट मला काही मिळालेलं नाही. फक्त ब्रेक चांगले हवेत. हाताची बोटं मात्र ब्रेक धरून धरून आखडली, ती प्रिन्सटाऊनला सोडवावी लागली.

पुढे ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके. बारा म्हणायचे आणि बारा कधीच नव्हते. २००५ च्या जुलैत त्यांतला एक कोसळला आणि आठ उरले. पाटी बाराचीच. फोटोला गर्दी होती, म्हणून जवळच्या गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून खाली वाळूत गेलो. उतरताना जे दुखलं ते चढताना दुखलं नाही.

माझं मन तिथे रमलं नाही, ते पोर्ट कँबेलच्या पुढे लंडन आर्चपाशी रमलं. पूर्वी ती लंडन ब्रिज होती. समुद्राने कोरलेल्या खडकाच्या दोन कमानी, जमिनीला जोडलेल्या, लोक चालत टोकापर्यंत जायचे. १५ जानेवारी १९९० ला दोघंजण टोकाला असताना मागची कमान समुद्रात कोसळली. कोणाला इजा नाही. पण ती दोघं एका खडकावर, चहूकडे पाणी, आणि उतरायला वाटच नाही. काही तासांनी हेलिकॉप्टर आलं. मी कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ त्या उरलेल्या कमानीकडे बघत बसलो. ठिपका पस्तीस मिनिटं हलला नाही. फोन आलाच.

वॉरनंबूलपर्यंतचा शेवटचा पल्ला सपाट कुरणांचा. गाई, दुधाचे टँकर आणि तोंडावर वारा, एवढंच. आगगाडीत सायकलला जागा मिळाली. आठ दिवसांचं अंतर गाडीने तीन तासांच्या आत उलटं गुंडाळलं, आणि तेही समुद्र न दाखवता, आतल्या बाजूने.

जिलाँगच्या फलाटावर दोघी उभ्या होत्या. सायकल घेऊन डब्यातून खाली आलो. लेकीने आधी ठिपका आणि मी एकाच जागी आहोत याची खात्री करून घेतली. बायकोने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो, चेहरा किती उतरलाय तुमचा!"

"तेवढंच उतरायचं राहिलं होतं," मी म्हटलं.