सोलर कार आणि उणे वीस डिग्री

सोलर कार कडाक्याच्या थंडीत टेस्ट करायची म्हटलं की सगळे आधी पॅनलचीच काळजी करतात, आणि खरं सांगू का, पॅनलला थंडीचं काहीच वावडं नसतं. सिलिकॉन सेलचं रेटिंग 25 डिग्रीला असतं, त्याच्याखाली दर डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के पॉवर वाढते, म्हणजे सेल उणे 20 ला असेल आणि ऊन तेवढंच असेल तर 15 टक्क्यांच्या आसपास फुकटात जास्त. व्होल्टेजही चढतं बरं का, चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला जपून देणारा डबा, ते धरूनच घ्या नाहीतर एखाद्या लख्ख सकाळी उडायचा.

पण ऊन तेवढंच असेल तर ना! स्वीडनमधलं आर्येप्लोग घ्या, कार कंपन्या हिवाळ्यात तिथे गोठलेल्या तलावांवर गाड्या पळवतात. डिसेंबरअखेर तिथे सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम डोकं वर काढतो. मार्चच्या विषुवदिनाला दुपारी 24 अंशांवर येतो, तरी छतावरच्या आडव्या पॅनलला थेट उन्हातलं 40 टक्केच मिळतं. तेच पॅनल उचलून सूर्यासमोर तिरकं धरलं की सगळं, वर बर्फावरून परावर्तित होणारा उजेड वेगळा. ऑस्ट्रेलियातल्या सोलर कार रेसमध्ये टीम सकाळ-संध्याकाळ गाडी थांबवून हेच करत बसतात.

आणि खरी बोंब बॅटरीची. लिथियम-आयन शून्याखाली चार्ज केली की आत ग्राफाइटवर लिथियमचा थर बसतो, कपॅसिटी जाते ती कायमची, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सरळ नाही म्हणतं. बाहेर ऊन पडलंय, पॅनल फॉर्मात आहे आणि गाडी चार्जच घेत नाहीये, आधी बॅटरी गरम करा मग बोला. 4 चौरस मीटरचं पॅनल, मार्चचं ऊन, हातात येणार 350-400 वॅट आणि साध्या इलेक्ट्रिक कारचा हीटरच किलोवॅटच्या वर खातो, त्यामुळे केबिन गरम करायचं विसराच. ड्रायव्हरचा श्वास काचेवर आतून गोठतो, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिक कार्डाने काच खरवडणं चालू. पॅनलवर मात्र ते कार्ड चुकूनही लावू नका, वरचं प्लास्टिकचं कोटिंग ओरखडलं की संपलं, मऊ ब्रशच हवा, आणि कोपऱ्यातला बर्फसुद्धा काढा, दोन-चार सेल झाकले गेले तरी अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या सेलची रांग, झोपते.

किती किलोमीटर गेली ते मला नंतर सांगा. गाडी रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी किती वाजता बॅटरी चार्ज घ्यायला लागली ते आधी सांगा.